भीमरावांचे ‘ठीक’

“अहो, खांब आहे तो, मृदंग नव्हे. किती वेळ वाजवणार?”

बिबवेवाडीतील त्या आठ मजली सोसायटीचे अध्यक्ष दीनानाथ गोरे यांनी हे विचारले, तेव्हा भीमराव पार्किंगमधल्या सातव्या खांबापाशी उकिडवे बसले होते. उजव्या हातात लहान हातोडी, डावा तळवा काँक्रीटवर टेकलेला. आगीत भाजून सुटलेले काँक्रीट फोडून काढायचे, निखळ गाभा लागला की नवा मसाला भरायचा, कोपरे गोल घासायचे आणि रेझिनमध्ये भिजवलेली कार्बन फायबरची काळी पट्टी भोवती लपेटायची, असे काम होते. गाभा निखळ लागला की नाही, हे भीमराव हातोडीच्या आवाजावरून सांगत. अठ्ठावीस वर्षे सांगत आले होते.

चार्जिंगला लावलेल्या अकरा स्कूटरींपासून छतापर्यंत पोचलेल्या त्या आगीचे वर्णन सूचनाफलकावर ‘किरकोळ’ असे होते. विशेषणांतील ही काटकसर समितीच्या एकूण स्वभावाला धरून होती. कंत्राटातले यंत्राने खांब तपासण्याचे कलमही समितीने ‘भीमराव असताना यंत्र कशाला’ असा शेरा मारून वगळले होते. भीमरावांना तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

“ठीक,” भीमराव म्हणाले आणि खांबावर खडूने तसे लिहू लागले.

“ह्यो कसा ठीक?” मागून सरुबाई म्हणाल्या. जिन्याखालचे त्यांचे इस्त्रीचे टेबल जळाल्यापासून त्या रोज येत आणि जागा परत कधी मिळणार, एवढेच विचारून जात. “खालच्या अंगाला फुटक्या माठावानी वाजतोय की. माठ घेताना वाजवून घेत न्हाय का आपण?”

“घ्या,” दीनानाथ म्हणाले. “आता इस्त्रीवाल्या बाईंकडूनही सल्ला घ्यायचा.”

भीमरावांनी खाली ठोका दिला. मग वर. मग पुन्हा खाली. दोन्ही ठोके त्यांना सारखेच लागले. त्यांनी छिन्नी घेतली आणि खालच्या अंगाला दोन घाव घातले. वीतभर खपली सुटून हातात आली. आतले काँक्रीट आगीच्या धगीने गुलाबी पडले होते. चिमटीत धरताच त्याचा भुगा झाला, आणि मागे लोखंड दिसले.

भीमरावांच्या बोटांना काहीच जाणवले नाही. त्यांनी हात विजारीला पुसला. काँक्रीट फोडायच्या यंत्राच्या थरथरीने बोटांची टोके कधीच बधिर झाली होती. कान त्याच्याही आधी. ते खोटे बोलत नव्हते. ठोका दिला की त्यांना पूर्वी ऐकलेला आवाज आठवत असे, आणि तोच ऐकू आला असे ते धरून चालत.

कन्सल्टंटकडून आलेल्या इंजिनिअर तनुजा भुगा पाहायला खाली वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, “काका, मागचे सहा?”

सहा खांब पट्टी लपेटून, वर बदामी रंग लावून उभे होते.

“त्यांचं काय?” दीनानाथ म्हणाले. “पट्टी पोलादाहून मजबूत, असं तुमच्याच माहितीपत्रकात आहे. रविवारी अठ्ठेचाळीस कुटुंबं परत येणार, सत्यनारायण आहे. प्रसादाचा रवा भाजायला घ्यायचा की खांब सोलत बसायचं?”

“पट्टी आवळते, साहेब,” भीमराव म्हणाले. “आत भुगा असला तर भुगाच आवळते.”

“पण सहांना ओके तुम्हीच दिलंत,” दीनानाथ म्हणाले.

“मला नीट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.”

“मग आज बरं ऐकू आलं.”

“आजही नाही आलं. यांना आलं.”

दीनानाथांनी वळून सरुबाईंकडे पाहिले.

“मी सहा खांबांचा रिपोर्ट मागे घेते, सर,” तनुजा म्हणाल्या. “रविवारी कुणीही वर राहायला जाणार नाही. मशीन मागवते, पण ते येईपर्यंत पट्ट्या उघडून बघू.” मग भीमरावांकडे न पाहता, “काका, सॉरी, पण यापुढे तुम्हाला चेकिंगला...”

“नका ठेवू,” भीमराव म्हणाले. “मीच सांगायला हवं होतं.”

दीनानाथ गुरुजींना फोन करायला बाहेर गेले. भीमरावांनी पहिल्या खांबाच्या पट्टीत हातभर चौकोन कापला आणि ती खरवडून काढली. काळी धूळ त्यांच्या पापण्यांवर बसली. तनुजा कोरा कागद घेऊन बाजूला उभ्या राहिल्या.

“सरुबाई, जरा इकडं येता का?”

“माझं टेबल लांबणार म्हना की आता.”

“लांबणार.”

त्या आल्या, खांबाजवळ वाकल्या आणि कानावरचा पदर त्यांनी मागे सारला. भीमरावांनी ठोका दिला, आणि खांबाकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

“आनिक एकदा,” त्या म्हणाल्या.

भीमरावांनी आणखी एकदा दिला.