एक साइज मोठं

त्या दिवशी दुपारी मी बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसले होते. दुकान कॉलेजच्या फाटकासमोर, त्यामुळे परीक्षा जवळ आली की काउंटरवर मुलांची झुंबड उडायची. बाबा यंत्राचं झाकण उचलत, पिना मारत आणि तोंडाने सगळ्यांना दटावत होते.

"अरे, सगळ्यांना मिळणार आहे. वर्षभर झोपा काढल्यात, आता पाच मिनिटं उभं राहवत नाही होय?"

मुलं पांगल्यावर त्यांनी माझं काम काढलं. इतिहासाच्या पुस्तकांची पानं ते मला मोठी करून द्यायचे. पहिल्या वर्षी दीडपट, मग दुप्पट, आणि आता एवढ्या मोठ्या ए-थ्री कागदावर जेमतेम अर्धा परिच्छेद. कागद माझ्यापुढे पसरून ते म्हणाले, "घ्या साहेब! आता आंधळ्यालासुद्धा वाचता येईल."

मागे राहिलेला एक मुलगा हसला. बाबांच्या लक्षात आलं असावं, कारण कागदाचा ट्रे त्यांनी उगाच बाहेर ओढला आणि पुन्हा आत सरकवला.

"छान आलंय," मी म्हणाले.

त्या कागदावरचं एकही अक्षर मला दिसत नव्हतं. माझ्या नजरेतला मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, म्हणून मी काठीशिवाय चालते, दारातून नीट आत येते, कोणाला धडकत नाही. पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. अक्षर मोठं केलं तर तेवढंच मोठं काहीतरी नाहीसं होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू जाईल. त्यातलं 'हळूहळू' तेवढं बाबांनी घरी आणलं. नातेवाइकांत, कॉलेजात, सगळीकडे माझ्या वतीने तेच बोलायचे: "जरा कमी दिसतं हिला." अक्षर मोठं करणं त्यांच्या हातातलं होतं आणि ते मन लावून करत होते. मी पुस्तकं फोनवर ऐकत होते आणि त्यांचे कागद कपाटात रचून ठेवत होते.

मागच्या परीक्षेत कॉलेजने मला मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका दिली होती. कडेने हाती लागलेल्या एखाद्या शब्दावरून प्रश्नाचा अंदाज बांधत मी उत्तरं लिहिली आणि कशीबशी काठावर पास झाले. आता एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं. असे अंदाज पुन्हा जमणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करताना बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत. शेजारच्या औषधवाल्याने फोन केला. आई आणि मी पोहोचलो तेव्हा शटर अर्ध्यावर होतं आणि एक मुलगी वाकून आत बघत विचारत होती, "आज दुकान बंद आहे का?"

घरी माणसं आली. मी त्यांना पाणी दिलं, रिकामे पेले गोळा केले, विसळून ठेवले. आत्या म्हणाली, "रडून घे गं, मोकळी होशील." मी "हो" म्हणाले. जेवून घे म्हटल्यावर म्हणतात तसं. मग ती मला हाताला धरून बाबांपाशी घेऊन गेली. "बघून घे नीट." मी बघितलं. मधे काही नव्हतं. कडेला कानाची पाळी होती आणि शर्टाची कॉलर.

पुढच्या आठवड्यात काका दुकान चालवू लागले. ते शिंपी, यंत्राचं आणि त्यांचं जमेना. तरीही एका संध्याकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "दादाचं राहिलेलं काम पुरं केलं बघ. वाकडंतिकडं आलंय, पण त्याच्यापेक्षा एक साइज मोठं केलंय." आई म्हणाली, "भावजी, तुम्ही जेवलात का?" गठ्ठा मी कपाटात ठेवला. कपाटाचं दार लागेना, म्हणून त्याला खुर्ची लावली.

परीक्षेच्या सोयींत काही बदल हवा असेल तर शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. शुक्रवारी काका माझ्याबरोबर कॉलेजच्या सहायता कक्षात आले. मी नको म्हटलं होतं. "दादा यायचा ना? मग मीही येणार."

खोली लहान होती, पंख्याला आवाज होता. तिथल्या मॅडमनी आधी बाबांची चौकशी केली. "फार चांगला माणूस. प्रत्येक परीक्षेआधी यायचे. तुला काळजीचं कारण नाही हं, सगळं मागच्यासारखंच ठेवलंय. मोठी प्रश्नपत्रिका आणि जादा वेळ."

काका पुढे सरकले. "मॅडम, आणखी एक साइज वाढवता येईल का? दादाच्या मनात होतं तसं."

"आणखी? अहो, मग ती जमिनीवर अंथरावी लागेल!"

"अंथरू की. मी येतो हवं तर टोकं धरायला."

दोघं हसली. बऱ्याच दिवसांनी काका हसले होते. मॅडमच्या बोटांचा कळफलकावर आवाज सुरू झाला. "बघते विचारून. एक साइज मोठं," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. दोघंही माझ्यासाठीच झटत होती. मी आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तर काम झालं असतं, आम्ही घरी गेलो असतो, आणि परीक्षेच्या दिवशी माझ्यापुढे चादरीएवढा कागद आला असता.

"लिहू नका," मी म्हणाले.

आवाज थांबला.

"काय गं, लहान हवंय का?" काका म्हणाले.

"नाही काका." मी मॅडमच्या दिशेने बघितलं, म्हणजे त्या नाहीशा झाल्या. त्यांच्या खांद्यामागची खिडकी तेवढी राहिली. "कुठल्याच साइजचं नको. मला दिसत नाही. जरा कमी दिसतं असं नाही, वाचायला अजिबात दिसत नाही. बाबांनी शेवटी दिलेलं पानही मला दिसलं नव्हतं. मला प्रश्न वाचून दाखवणारं कोणीतरी हवंय, आणि मी सांगेन ते लिहिणारं."