औषधात पिळलेलं लिंबू

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी तपकिरी बाटली आहे. आंधळगावच्या एका घरात फळीवर पडून असते. फार थकले आहे मी. एवढं सांगते आणि गप्प बसते.

पाण्यात कालवलेली काही औषधं उजेडानं बिघडतात, म्हणून कारखान्यात मला हा गडद रंग मिळाला. ताराचंद कंपाउंडर माझ्यात औषध भरताना म्हणायचे, "ही माझी भरवशाची बाटली." मी फुगून जायची, खोटं कशाला सांगू?

अठ्ठ्याहत्तर साली चंद्रकांता नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीचा घसा सुजला, ताप चढला. तिची आई सुलोचनाबाई औषधासकट मला दवाखान्यातून घरी घेऊन आल्या.

औषध कडू होतं. पोर ओकून टाकायची. शिवाय माझ्या काचेतून किती उरलं ते त्यांना नीट दिसेना. त्यांनी सगळं औषध पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या बाटलीत ओतलं, त्यात साखर घातली, वर दोन लिंबं पिळली आणि बाटली खिडकीत ठेवली. मला धुऊन शेजारीच पालथी घातली. खिडकीत दिवसभर ऊन असायचं. चंद्रकांता आता चाटूनपुसून औषध घ्यायची आणि आईला बरं वाटायचं. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं.

ताप उतरेना. आठव्या दिवशी पोरीचे गुडघे सुजले, धाप लागू लागली. सुलोचनाबाई पांढरी बाटली घेऊन दवाखान्यात धावल्या आणि ताराचंदांनाच घेऊन परतल्या.

"बाई, याच्यात काय टाकलं होतं?"

"लिंबू पिळलं ना जी. पोरीले कडू लागे."

ताराचंदांनी बाटली खाली ठेवली. "आंबटानं ही दवा मरून जाते. वरून ऊन लागलं. पोरगी आठ दिवस नुसता शरबत पिऊन राहिली."

"मले काहून नाही सांगितलं जी तुम्ही?"

ताराचंदांनी पोरीला उचलून घेतलं.

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेल्यावर चंद्रकांता वाचली, पण घशातलं दुखणं सांध्यांतून हृदयापर्यंत उतरलं होतं आणि तिचं हृदय कायमचं अधू झालं. आज, दहा वर्षांनी, ती एकोणीस वर्षांची आहे. धानाच्या रोवणीत रोपांच्या चार ओळी लावल्या की धापा टाकत बांधावर बसते, आणि तिच्या वाट्याची रोवणी सुलोचनाबाई करतात.

मित्रांनो, उजेड मी अडवू शकते. माझ्यातलं औषध कोणी दुसरीकडे ओतून त्यात मायेनं काही मिसळलं, तर मला अडवता येत नाही. म्हणून औषध देणाऱ्याला आधी विचारा. आणि देणाऱ्यांनो, कोणी विचारलं नाही तरी सांगा.