उलटी ठेवलेली सायकल

मित्रांनो, भिलाईतल्या स्मृति नगरच्या एका घराच्या पोर्चमध्ये भिंतीला टेकून उभी असलेली उंच, काळी, दांडीवाली सायकल दिसली, तर ती मीच. मी आता जुनी झाले आहे. घंटीचा आवाज बसला आहे, कॅरिअर एका अंगाला झुकलं आहे. आठवणी मात्र अजून गंजलेल्या नाहीत.

जन्माचं फारसं आठवत नाही. एक मोठी शेड, ओल्या रंगाचा वास आणि रांगेत उभ्या माझ्या खूप बहिणी, एवढंच. दुर्गच्या दुकानातून हिरालालनी मला घरी आणलं. भंडाऱ्याकडचं शेत सोडून ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये लागले होते. शिफ्टची वेळ झाली की डबा हँडलला अडकवून आम्ही निघायचो, आणि गेटजवळ माझ्यासारख्याच शेकडो सायकलींमध्ये मिसळून जायचो.

हिरालालची एक रीत होती. साप्ताहिक ऑफच्या दिवशी ते मला अंगणात पोत्यावर उलटी ठेवत. रॉकेलच्या फडक्याने साखळी पुसत, तेलाचे थेंब सोडत. मग दिवसभर मला कोणी हात लावायचा नाही. भाजी आणायलासुद्धा ते पायी जात. "आज हिची छुट्टी हाये," एवढंच सांगत. शेजारच्या भागीरथाबाई चिडवत, "हिरालालची सायकल युनियनची मेंबर हाये, चंदा बी देत असन." मी आपली चाकं वर करून ढग बघत पडायची.

पुढे हिरालाल रिटायर झाले, आणि एके दिवशी गेलेही. त्यांचा मुलगा नरेश प्लांटला मोटरसायकलने जाऊ लागला. माझ्या दांडीवर टॉवेल वाळू लागले. सीटवर मांजर झोपायची. कधीकधी वाटायचं, आपण सायकल होतो हेच स्वप्न असावं.

मग मागचा हिवाळा आला. नरेशची मुलगी उन्नती सायकलिंग करते. तिची रेसची सायकल क्लबची, फक्त सरावापुरती मिळणारी. हिवाळ्यात जड सायकल चालव, पाय तयार होतील, असं तिच्या सरांनी सांगितलं, आणि मला नवे टायर लागले. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

पहाटे आम्ही जामुलकडे निघायचो. पुढे अहिवाऱ्याच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट असायचं की झाडं तरंगत आल्यासारखी वाटत. सिमेंटच्या ट्रकमधून उडालेली पांढरी धूळ दवात भिजून माझ्या अंगावर बसे. घरी परतायची ती एक काळी सायकल नसे, चांदण्यातून उतरलेलं काहीतरी असे.

सुरुवातीला उन्नतीचा पाय पॅडलवर ठाम पडायचा. पौष लागला तसा तो पडेनासा झाला, नुसता टेकू लागला. सरांनी आठवड्यातून एक दिवस विश्रांती सांगितली होती. पण घरात ओव्हरटाइमचं फार कौतुक. बाप ऑफ सोडून जादा ड्युटी करतो, मग मुलगी कशी मागे राहील? "एक दिवस सोडला तं मागे पडशीन, बेटा," नरेश म्हणे. जानेवारीच्या शेवटी रायपूरला संघाची निवड होती. उन्नती विश्रांतीच्या दिवशीही मला बाहेर काढी.

तिची आई सीमा हे सगळं बघत होती. मुलगी परतेपर्यंत ती फाटकाशीच उभी असे. ताटात उरलेली पोळी बघे, तिच्या पोटऱ्यांना हात लावून बघे. विचारलं की उन्नती म्हणे, "मले काही होऊन नाही राहिलं."

एका सकाळी जामुलच्या अलीकडे उन्नतीने रस्त्यावर पाय टेकला, माझ्या हँडलवर डोकं ठेवलं आणि मुकाट रडली. मी लोखंडाची, मी काय करणार? मला ढकलत ती पायी घरी आली. चेन उतरली होती, असं तिने आईला सांगितलं. सीमाने माझी चेन बघितली. ती जागच्या जागी होती.

दुसऱ्या पहाटे उन्नती बाहेर आली तेव्हा मी अंगणात पोत्यावर उलटी होते. किती वर्षांनी! शेजारी रॉकेलची वाटी घेऊन सीमा बसली होती.

"आई, हे काय करून राहिली?"

"आज हिची छुट्टी हाये."

उन्नती माझ्याजवळ येऊन वाकली. मग हळूच म्हणाली, "अन् माझी?"

सीमाने पोत्यावर सरकून जागा केली. उन्नती बसली आणि आईच्या खांद्यावर कधी झोपली, तिलाही कळलं नाही. माझं पुढचं चाक आपोआप, अगदी सावकाश फिरत होतं. त्याच्या काड्यांमधून कोवळं ऊन तिच्या तोंडावर यायचं, जायचं.

नाइट शिफ्ट करून नरेश आला. मोठ्याने काही बोलणार, तोच त्याला मी दिसले. हिरालालचा मुलगा तो. त्याने मोटरसायकल फाटकाबाहेरच बंद केली, दुधाची बरणी उचलली, आणि पायी निघाला.

त्यानंतर दर आठवड्याला एक दिवस मी ढग बघू लागले. उन्नतीचा पाय पुन्हा ठाम पडू लागला. रायपूरला तिची निवड झाली, अगदी थोडक्यात, पण झाली. यंदाची थंडीही आता आली आहे, आणि आम्ही दोघी पुन्हा धुक्यात जातो.

तर मित्रांनो, कुणाच्या अंगणात उलटी ठेवलेली सायकल दिसली, तर ती मोडली असं लगेच समजू नका. घंटी न वाजवता पुढे जा. तिच्या शेजारी कोणी झोपलेलं असेल.