मागच्या दाराची खोली

खाणीतला कोळसा संपला आणि हॉलिस गाव उठलं. कंपनीने घरांच्या फळ्यासुद्धा उचकटून नेल्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावात ऑर्लीना काळी असूनही शाळामास्तरीण होती; काळी-गोरी पोरं तिच्यापुढे एकाच बाकावर बसत. तिचा नवरा थॅडियस स्वीडिश खाणकामगारांच्या खांद्याला खांदा लावून खाली उतरे, मजुरीही सारखीच घेई. बाहेर असं नसतं हे ठाऊक होतं, पण ते ऐकून.

शहरात आल्यावर ते अंगावर आलं. त्यांची हॉलिसमधली स्वीडिश शेजारीण हुल्दा हिला लगेच भाड्याचं घर मिळालं. ऑर्लीनाला कुणी उंबऱ्यापाशीही उभं करेना. शाळेच्या साहेबाने तिचे कागद न बघताच सांगितलं, झाडलोट करणार असशील तर ये. थॅडियस काम हुडकत इलिनॉयकडे गेला. मागे स्टेशनजवळच्या गळक्या शेडमध्ये ऑर्लीनाची लेक अर्सुला तापाने फणफणली, आणि बाहेर बर्फ.

हुल्दाला कळलं तशी ती धावत आली आणि मायलेकींना घरी घेऊन गेली. घरमालक पायरीवरच आडवा आला. काळी माणसं त्याला चालणार नव्हती. हुल्दा भांडली, हातापाया पडली. शेवटी तो म्हणाला, "मोलकरीण म्हणून असेल तर मागच्या खोलीत राहू दे."

हुल्दा पुन्हा भांडायला पुढे झाली. तिच्या थोरल्या मुलाला अक्षरं गिरवायला ऑर्लीनानेच शिकवलं होतं.

ऑर्लीनाने पोरीच्या कपाळाला हात लावला. "होय साहेब," ती म्हणाली, "मी बाईंकडे कामाला आहे."

आत आल्यावर हुल्दा रडायला लागली. "असं कशाला म्हणालीस गं? मी अजून भांडले असते."

"तुझं भांडण होईस्तोवर पोर गार पडली असती."

पोर वाचली. मालक अधूनमधून डोकावायचा, म्हणून ऑर्लीना एप्रन घालू लागली, मागच्या दारानेच ये-जा करू लागली. थोरल्याने एकदा मालकासमोर तिला शाळेतल्यासारखं "बाई" म्हटलं, तर तिनेच त्याला डोळ्यांनी दटावलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी थॅडियस हात हलवत परतला. मालकाने त्याला ठेवून घेऊ दिलं नाही. तो पुन्हा त्याच शेडमध्ये निजायला गेला. त्या संध्याकाळी हुल्दाकडे पाहुणे होते; मालक नव्हता. जेवणं झाल्यावर, गप्पांच्या भरात, मागे वळूनही न पाहता हुल्दा म्हणाली, "ऑर्लीना, बशा उचल."

ऑर्लीनाने एप्रनला हात पुसले. मग तिने बशा उचलल्या.