शाईची जागा

माझी लेक सुकन्या मेलबर्नहून दिवाळीला आली आणि विधानसभेच्या मतदानापर्यंत राहिली. तिचं इथलं मत मात्र गेलं होतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं की इथं मत देता येत नाही, हे तिनेच मला फोनवर सांगितलं होतं, आणि मग महिनाभर मी तिच्याशी धड बोललो नव्हतो. माझा स्वभावच तसा. शेवगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना माझं काम आवडतं, मी आवडत नाही.

एकदा संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना तिकडच्या मतदानाच्या गोष्टी निघाल्या. तिकडे मत द्यावंच लागतं, चुकवलं तर दंडाची नोटीस येते. तिला एकदा आली होती. मतदान शनिवारी. शाळेच्या मैदानात मुलांचे आईबाप शेगडी मांडून पावात सॉसेज घालून विकतात, आणि लोक मत देऊन ते खात खात घरी जातात. बटण नाहीच, कागदावर पेन्सिलीने सगळ्या उमेदवारांना आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे नंबर टाकायचे. ओळखपत्र कोणी मागत नाही. नाव विचारतात, पत्ता विचारतात आणि शेवटी एकच प्रश्न, या निवडणुकीत याआधी मत दिलंय का? नाही म्हटलं की कागद हातात.

एखादा खोटं बोलला तर, असं मी विचारलं. सहसा कोणी बोलत नाही, असं ती म्हणाली. आमच्या गावात हा प्रश्न विचारून बघा म्हणावं, असं मी पुटपुटलो खरा, पण मनातून मला त्या लोकांचं कौतुकच वाटलं.

माझा धाकटा भाऊ अजिनाथ शेजारी बसून दोन्ही तळहातांत पेला धरून चहा पीत होता. नऊ वर्षांपूर्वी नागापूरच्या एका कारखान्यात तो मशीनखाली पत्रा लावत असताना वरून प्रेस खाली आला आणि त्याच्या दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं गेली. अर्धे तळहात तेवढे राहिले. त्या दोन तळहातांत पेन दाबून तो सही करायला शिकला, मोबाईल चालवायला शिकला, शेळ्यांची धार काढायलासुद्धा शिकला. रडगाणं त्याने कधी गायलं नाही.

"बोटाला काय लावत्यात तिकडं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही, नाना."

"मग तिथं माझं मत चाललं असतं," तो म्हणाला, आणि पेला खाली ठेवून उठून गेला.

सुकन्याला काही कळेना. मग मला सांगावं लागलं, आणि सांगताना माझी मान खाली गेली. अपघाताआधी अजिनाथ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मतदानाच्या रांगेत सगळ्यांत पुढे असायचा. अपघातानंतरच्या पहिल्या मतदानाला शाईची बाटली घेऊन बसलेल्या माणसाने त्याच्या हातांकडे बघितलं आणि शेजारच्याला विचारलं, यांना कुठं लावायची? रांगेत कोणीतरी हसलं. वाईट मनाने हसलं नसेल. पण अजिनाथ वळला आणि तसाच घरी गेला. मी त्याच्या मागेच उभा होतो. तांब्याच्या तारेवरून व्यापाऱ्याशी तासभर भांडणारा मी, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. वर पुढे होऊन स्वतःचं बोट शाईला दिलं आणि मत देऊन आलो. त्यानंतरच्या सगळ्या निवडणुकांना तो घरी बसला. बोट नसलं की मत नसतं, असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि आम्ही कोणी ते खोडून काढलं नाही. आम्हालाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सुकन्या दुपारपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. मी त्यावरून खेकसलोही. मग ती उठली आणि मला घेऊन थेट शेळ्यांच्या गोठ्यात अजिनाथकडे गेली. तिथे उभ्या उभ्या तिने निवडणुकीचा नियम मराठीत करून सांगितला. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला शाई लावावी. डाव्या हाताला एकही बोट नसेल तर उजव्या हाताच्या. दोन्ही हातांना एकही बोट नसेल, तर हाताचं जे काही टोक उरलं असेल त्याला.

मी तिला ते तीनदा सांगायला लावलं. दिल्लीच्या कुठल्याशा कचेरीत कधीकाळी कोणीतरी एकेक बोट कमी करत विचार केला असणार, की हे नसलं तर? आणि हेही नसलं तर? आणि 'मग मत नाही' असं त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. सरकारी कागदांना मी आयुष्यभर शिव्याच दिल्या आहेत. पण त्या कधी न बघितलेल्या माणसाच्या पाया पडावं, असं मला त्या गोठ्यात वाटलं.

अजिनाथ मात्र हलला नाही. कागदावर लई असतंय, म्हणाला, तिथं बसलेल्याला ठावं पायजे ना. सुकन्याने तो नियम मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरला.

"मी मागं उभा ऱ्हातो," मी म्हणालो.

"मागल्या वक्ताला बी हुतास, दादा," तो म्हणाला.

तरी मतदानाच्या सकाळी तो तयार होऊन आला. पुष्पावतीने, त्याच्या बायकोने, पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली होती, गुंड्या लावल्या होत्या आणि सुकन्याचा कागद घडी करून खिशात ठेवला होता. मतदान केंद्राच्या शाळेपासून शंभर मीटरवर चुन्याच्या फक्कीची रेघ मारली होती. मत नसल्यामुळे सुकन्या तिथेच थांबली. पोलिसाने अजिनाथला थेट आत सोडायची तयारी दाखवली, पण रांगेतनंच जातो, म्हणून तो रांगेत उभा राहिला. मी त्याच्या मागे.

खोलीत त्याचं नाव पुकारलं गेलं. शाईच्या टेबलामागे एक तरुण शिक्षिका होती. तिने काडी बाटलीत बुडवून वर उचलली आणि अजिनाथने दोन्ही हात टेबलावर ठेवले. काडी हवेतच थांबली. मला तो जुना दिवस आठवला आणि माझे कान तापले.

"बाई, नियम हाय," मी म्हणालो. "त्याच्या खिशात कागद हाय, काढून वाचा." माझा आवाज इतका चढला की दारातला पोलीस आत डोकावला.

बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली. "कागद राहू द्या, काका. नियम माहीत आहे मला," ती म्हणाली आणि अजिनाथकडे वळली. "दर ट्रेनिंगला वाचून दाखवतात, दादा. आजवर कोणी आलंच नाही."

तिने त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि तर्जनी असायची त्या बाजूला, उरलेल्या तळहाताच्या कडेवर, नीट रेघ ओढली. शाई वाळेपर्यंत हात धरून ठेवला. अजिनाथने पेन दोन तळहातांत दाबून सही केली. सोबत कोणी हवं का, असं विचारल्यावर नको म्हणाला आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला गेला. मी कान लावून उभा होतो. मशीनचा लांब आवाज आला. आजवर शेकडो वेळा ऐकलेला आवाज, पण त्या दिवशी तो ऐकून माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

बाहेर पोरंपोरी शाईचं बोट वर करून फोटो काढत होती. अजिनाथ कुठे न थांबता फक्कीच्या रेघेपाशी गेला. पलीकडे सुकन्या मोबाईल उचलून तयारच होती. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"फोटू मंग काढ," तो म्हणाला. "आधी तुमच्याकडं ईचारत्यात तसं ईचार."

तिला समजायला क्षणभर लागलं. मग तिने मोबाईल खाली घेतला, ओढणीने डोळे पुसले आणि रेघेपलीकडून नाव विचारलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं. पत्ता विचारला, त्याने गाव, तालुका, जिल्हा सांगितला.

"या निवडणुकीत याआधी मत दिलंय का?"

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "दिलंय."