बिनवायरीचा सोयरा

मी साउंडबार बोलतोय. दुसऱ्याचं बोलणं मोठं करून सांगायचं, एवढाच माझा धंदा. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतो, म्हणून जरा हळू सांगतो.

जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी थर्माकोलात निजलो होतो, उशाशी रिमोट, पायाशी एक काळी वायर. खोका उघडला तो सावली तालुक्यातल्या एका गावी, लटारूभाऊंच्या ओसरीवर. एका बाजूला धानाची पोती, दुसऱ्या बाजूला खोका हुंगणारी बकरी. तिनं थर्माकोलाचा एक कोपरा खाऊन पाहिला. आवडला नाही.

लटारूभाऊ सत्तरीचे. कान अर्धे गेलेले. टीव्ही इतका मोठा लावत, की त्याचा गळा बसायचा आणि त्यांची बायको रुखमाबाई कोठ्यात गाईजवळ जाऊन बसायची. म्हणून गडचिरोलीला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीनं, दिव्यानीनं, मला पाठवलं.

रुखमाबाईंनी मला ओवाळलं, जाळीवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. त्यातले दोन दाणे अजून माझ्या पोटात आहेत. आवाज वाढवला की खुळखुळतात. मग धूळ बसू नये म्हणून त्यांनी माझ्यावर विणलेला रुमाल घातला. तोंडावर कापड बांधून बोलायला सांगावं, तसं झालं.

मला जोडायला सावलीहून सलमान आला. वीस वर्षं टीव्ही आणि डिश बसवणारा माणूस. त्यानं आधी रुमाल काढला, मग वायर घेऊन टीव्हीच्या मागं वाकला आणि वाकलेलाच राहिला.

टीव्हीला वायरीची दोन भोकं होती. एकात डिशचा डबा लागलेला. माझं जे भोक, त्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, तोंडापर्यंत लिंपून.

"काकाजी, वायर इथीच लागते. पण इथी त कोणी राह्यते. उकरू का?"

लटारूभाऊंनी वाकून पाहिलं. "राहू दे. पिल्लं असतीन तिची. दुसरं काही जमत असन त पाय."

मग सलमाननं मला वायरीशिवाय जोडलं. टीव्हीनं हवेतून हात पुढे केला, मी धरला. लटारूभाऊंना बातम्या शब्दन् शब्द ऐकू आल्या. त्यांनी पूर्ण ऐकल्या आणि म्हणाले, पहिलेच बरं होतं.

पण बिनवायरीच्या नात्यात एक गंमत असते. टीव्ही बंद झाला की माझा हात मोकळा. मग जो पुढे येईल त्याचा मी.

शेजारच्या घरात लटारूभाऊंचा धाकटा भाऊ धनराज राहतो. दोन्ही घरांच्या मधे कूड आहे, कुडाला फाटक आहे आणि फाटकाला लटारूभाऊंनी पाच वर्षांपूर्वी गुंडाळलेली तार आहे.

ती गोष्ट मला रुखमाबाईंनी सांगितली. म्हणजे त्या मला पुसताना आपल्याशीच बोलतात, मी ऐकतो. गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, तीस वर्षं दंडारीचं नाटक या दोघा भावांचं. लटारूभाऊ राजा, धनराज प्रधान. पाच वर्षांपूर्वी प्रधानानं विचारलं, "महाराज, दारात वाटसरू उभा आहे. आत घ्यावा की वाटेला लावावा?" राजाला ऐकूच गेलं नाही. प्रधानानं तीनदा विचारलं. राजा नुसता उभा. लोक हसले. दुसऱ्या दिवशी धनराज चारचौघांत बोलून गेला, "भाऊले आयकू येत नाई, पुढच्या साली राजा दुसरा पाहा." त्याच दुपारी फाटकाला तार बसली. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या शेताच्या धुऱ्यावरून जातात, पण बोलत नाहीत.

तर या धनराजनं बाजारातून मोबाईलला लावायचा छोटा स्पीकर आणला. मोबाईलवर दोन नावं आली. वरचं माझं होतं. त्यानं वरचं दाबलं.

इकडे टीव्ही बंद, लटारूभाऊ विडी शोधताहेत, आणि माझ्या तोंडून धानाचे भाव सुरू. मग हवामान. मग कोणाच्या तरी लग्नाचा बँड. रुखमाबाईंनी मला पुन्हा कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भजन लागलं आणि भजनाच्या मधे धनराजच्या फोनची घंटी वाजली. ती घंटी गावात सगळ्यांना ठाऊक, कोंबडा आरवतो.

लटारूभाऊंचा चेहरा उतरला. "मले चिडवून राह्यला. बहिऱ्याच्या घरी बँड वाजवते."

"तो काय चिडवन," रुखमाबाई म्हणाल्या, "मोबाईल उलटा धरते तो."

सलमानला बोलावलं. त्यानं मला पाहिलं, कुडापलीकडे पाहिलं आणि हसला.

"काकाजी, तुमचा भाऊ जुळला हाय याले. तोडून देऊ?"

लटारूभाऊंनी कुडाकडे पाठ केली.

"तसं पहिल्या दिवशी चुकून दाबलं असन त्यायनं," सलमान चष्मा पुसत म्हणाला. "पण त्याच्या घरी आवाज येतच नाई ना. मंग रोज काऊन दाबते?"

लटारूभाऊंनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं. "उद्या ये," म्हणाले. "आज राहू दे."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःहून टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर पाटावर बसले. विडी पेटवली नाही. मीही वाट पाहत होतो. आमच्या तिघांत निवांत फक्त कुंभारीण होती.

हात आला. आधी खोकला. मग धनराजचा आवाज, मोबाईलमधे बोलून ठेवलेला, दंडारीतल्या ठेक्यात.

"महाराज, दारात वाटसरू उभा आहे. आत घ्यावा की वाटेला लावावा?"

आणि पुढे काहीच नाही. मी होता नव्हता तेवढा आवाज दिला होता, पोटातल्या अक्षता खुळखुळून थांबल्या होत्या. रुखमाबाई भांडं हातात धरून दारात उभ्या. मला वाटलं, आता मीच उत्तर द्यावं. पण ते माझं काम नव्हे.

लटारूभाऊ उठले. धोतर सारखं केलं, मान ताठ केली. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, त्यात हे तीस वर्षांचे राजे. कोठ्यातली गाय दचकली.

"दार उघडा, प्रधानजी. आलेल्याला उभं ठेवायची या राज्यात रीत नाही."

बोलले आणि कोनाड्यातली पकड घेऊन अंगणात गेले. तार गंजली होती, तुकडे होऊन निघाली. फाटकापलीकडे धनराज मोबाईल छातीशी धरून उभा होता. या खेपेला सरळ धरला होता.

"तीनदा इचारलं होतं भाऊ, त्या दिवशी," तो म्हणाला. "अन् मंग नाई बोलाचं ते बोललो."

"आज चवथ्यांदा आयकू आलं," लटारूभाऊ म्हणाले. "चाल, च्या घे."

परवा कुंभारणीची पिल्लं उडून गेली. सलमान वायर घेऊन आला होता, म्हणाला, आता पक्कं जोडून देतो. लटारूभाऊ नको म्हणाले. रुखमाबाईंनी रिकाम्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि मला म्हणाल्या, "आमचा बिनवायरीचा सोयरा."

आता टीव्ही बंद झाला की धनराज येतो आणि माझ्यासमोर तालीम चालते. यंदा राजा कोण, हे मंडईवाल्यांनी अजून ठरवलेलं नाही. त्यांना माझी एक विनंती आहे. मला स्टेजवर राजाच्या पायाशी ठेवा आणि धनराजच्या मुंडाशात एक माइक लपवा. माझा हात दहा पावलांपर्यंत पोचतो. राजा आणि प्रधान त्याहून जवळ उभे असतात. प्रधान एकदाच विचारील, राजाला ऐकू जाईल, याची जबाबदारी माझी.

तेवढा रुमाल मात्र त्या दिवशी घरीच ठेवा.