आत बसून शिवलेली गोधडी

गोधडीचा पहिला फेरा बुधवारी सकाळी पुरा झाला आणि गावाची वेस शिवली गेली.

मी अंगणात होते. शेवटच्या टाक्याला दोरा ताणला, तेव्हा वेशीकडून कापड आवळल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं. लिंबाच्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत पांढरा दोरा गेला होता, कासऱ्याएवढा जाड, एकदा जमिनीखाली, एकदा जमिनीवर. त्याच्या पलीकडं आभाळ खाली येऊन मातीला टेकलं होतं. हात लावून पाहिला. माझ्याच जुन्या लुगड्याचं कापड होतं, हिरवं, धुऊन धुऊन विटलेलं.

दूध घालणारे दादूतात्या सायकल धरून तिथं उभे होते.

"वाट बंद झाली," ते म्हणाले.

"मी शिवली."

"टाका बारीक हाय," ते म्हणाले आणि सायकल वळवून गावात गेले.

मी घरी येऊन दुसरा फेरा धरला, कारण सोमवारी वैजयंता येणार होती.

वैजयंता माझी मुलगी. आमच्याकडं मुलगी सासरी जाते ती आईच्या हातची गोधडी घेऊन जाते. तिच्या लग्नात अशी गोधडी नव्हती. मी डावरी. गोधडीच्या कडेला सगळ्या बायका एका रांगेत बसतात, एका दिशेनं शिवत जातात, आणि डावरीचा हात शेजारणीच्या हातावर आदळतो. म्हणून मला लहानपणापासून कुणी बसूच दिलं नाही. बाजारातून ब्लँकेट आणून मी वैजाच्या सामानात घातलं. सासरी ते उघडलं तेव्हा बायका म्हणाल्या, हिला आई नाही का? पहिल्या सणाला आली तेव्हा तिनं मला हे सांगितलं. मी म्हणाले, ब्लँकेट जास्त ऊबदार असतं. ती जेवणाच्या ताटावरून उठली. त्यानंतर एकोणीस वर्षं आली नाही.

अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. तेव्हापासून तिला पत्रं लिहीत होते. यंदा थंडीत तिचं कार्ड आलं. "सोमवारी दुपारच्या गाडीनं येते. एक रात्र राहीन." एवढंच होतं. मी ते तीनदा वाचलं आणि पेटीतली जुनी कापडं बाहेर काढली.

मला शिकवलं द्वारकाआक्कांनी. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत. आक्का नव्वदीच्या, तीन वर्षं खाटेवर. गावातल्या निम्म्या गोधड्या त्यांच्या हातच्या. त्या भिंतीपलीकडून सांगायच्या आणि मी अलीकडं करायची. मला शिवताना त्यांनी कधी पाहिलं नाही. दोऱ्याच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं.

"ठके, टाका लांब पडला."

"कसं कळलं, आक्का?"

"दोरा दम खाऊन आला. ज्वारीच्या दाण्याएवढा घाल म्हटलं, तू काकडीएवढा घातलास."

"हात डावा हाय माझा."

"डोकं तरी उजवं हाय का? घाल गुमान."

त्यांनी सांगितलं तसं मी खाली धोतर अंथरलं, त्यावर जुन्या कापडांचे थर, वर लुगडं. चार कोपऱ्यांवर चार दगड. कडेनं सुरुवात करायची, चौकोनी फेरा पुरा करायचा, मग चार बोटं आत दुसरा. असे फेरे आत आत जातात आणि मधोमध संपतात. पण बाहेर बसून माझ्या हाताला कड सापडेना. कापड पळायचं. म्हणून मी गोधडीच्या मधोमध बसले आणि बाहेरच्या कडेला हात लांब केला. माझ्या वजनानं थर जागचे हलेनात. टाका झकास पडू लागला. मी कुठं बसलेय ते आक्कांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गुरुवारी दुसरा फेरा पुरा झाला. त्यात पिठाची गिरणी गेली, शाळा गेली, एस.टी.चा थांबा गेला. दोन फेऱ्यांच्या मधल्या पट्टीत माणसं आडवी झाली होती. चपटी, पण नीटनेटकी. दादूतात्या सायकलीसकट तिथंच होते. चाकं पापडासारखी झाली होती.

"तात्या, त्रास होतोय का?"

"न्हाई. वारं लागत न्हाई आता. दूधही सांडत न्हाई."

"सोमवारी वैजा येणार हाय. थांब्यावर उतरेल ती."

तात्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती कापडातच वळली. "उतरेल की," ते म्हणाले. "पण इथं उतरणारा आडवाच उतरणार."

शुक्रवारी मला गल्लीच्या बाहेर जाता आलं नाही. शनिवारी तिसरा फेरा आमच्या भिंतीवरून गेला. मला तो तिथून न्यायचा नव्हता. पण चार बोटं मोजली की तिथंच येत होतं. भिंत खाली बसली, आधी चुना, मग माती, मग नुसती एक घडी. मी हातातली सुई तशीच धरून बसले.

"आक्का?"

"बोल."

आवाज कापडाखालून आला. मी हातानं चाचपून पाहिलं. तिसऱ्या फेऱ्याला लागून खाटेएवढा उंचवटा होता, आणि तो हळूहळू वरखाली होत होता.

"कुठं हाय तुम्ही?"

"तुझ्या दोऱ्याखाली. मला काय विचारतेस, तू कुठं हायस ते सांग. आवाज वरून येतोय तुझा. तू बाहेर बसलीस ना?"

मी सुई कापडात टोचली.

"ठके."

"आत बसलेय, आक्का. मधोमध."

उंचवटा एकदम वर आला.

"अगं रांडं," आक्का म्हणाल्या, पण रागानं नाही. "शिवणारी बाहेर बसते. गोधडी मिटत आली की ती उठते आणि आपल्या घरात जाते. तू उठून कुठं जाणार?"

मी आजूबाजूला पाहिलं. अंगण उरलं होतं, आणि घराचा उंबरा. उंबऱ्याच्या आत हिरवं कापड होतं.

"उसवते मी," मी म्हणाले. "सगळं उसवते. परवा वैजा यायची हाय."

"उसव की. मी कुठं अडवते?"

मी तिसऱ्या फेऱ्याचे दोन टाके सुईच्या टोकानं उचलले आणि दोरा दातांनी तोडला. फट पडली. फटीतून आधी आक्कांच्या उशीतला कापूस वर आला, मग त्यांच्या कुंकवाची डबी, मग पांढऱ्या केसांची बट. सगळं वाऱ्यावर निघालं. आक्कांचा श्वास बारीक झाला, लांब गेला, छपरापलीकडं ऐकू येऊ लागला. मी बट धरली. डबी गेली. कापूस गेला. बट आत कोंबून मी दोन्ही टाके पुन्हा घातले, दोन्ही दुहेरी.

श्वास परत आला.

"काय झालं, आक्का?"

"मला काय होतंय. नव्वदीचं माणूस दोऱ्यावर तर टिकून असतं." त्यांचा हात कापडाखाली चाचपडला. "डबी गेली का?"

"गेली."

"जाऊ दे. नवऱ्याच्या मागं ती नुसती ठेवलीच होती."

"मग मी आता इथंच थांबते. पुढं शिवत नाही."

"थांबूही नको. आतली कापडं सुटी राहिली तर सगळं घसरून एका कोपऱ्यात गोळा होतं. ती गोधडी कुणाच्या कामाची नसते. आम्ही सगळे एकावर एक पडू. तात्याची सायकल माझ्या अंगावर नको मला."

म्हणून मी शिवत राहिले. पण सावकाश. रविवारी दिवसभरात एक कड घातली. टाका इतका बारीक घातला की ज्वारीचा दाणा त्यापुढं मोठा वाटावा. सोमवार यायच्या आत मधली जागा मिटू नये एवढंच माझ्या मनात होतं. आक्का पलीकडून एकदाच बोलल्या. "आता कसा छान आवाज येतोय. आधी अशी शिवली असतीस तर पोरगी रुसली नसती." मी पुढचा टाका घातला. त्यानंतर त्यांनी शिकवलं नाही. शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोमवारी दुपारी उंबराही गेला. मी बसले होते तेवढी जागा राहिली, चौकोनी जागा, तीन ताटं लांब, दोन रुंद. वर आभाळही तेवढंच होतं.

तेव्हा गाडीचा हॉर्न वाजला. तो कापडाच्या थरांमधून आला, पांघरुणात तोंड घालून कुणी खोकावं तसा. मी बाहेरच्या कडेकडं पाहिलं. पहिल्या आणि दुसऱ्या फेऱ्याच्या मधल्या पट्टीत एक उंचवटा आला. माणसाएवढा. तो पट्टीतून चालत होता. कापड त्याच्या पुढं उचललं जायचं आणि मागं बसायचं.

"वैजा!"

उंचवटा थांबला.

"कुठं आहेस?" वैजाचा आवाज. जाड झाला होता. एकोणीस वर्षांत आवाजही जाड होतो.

"इथं. मधोमध."

"इथं सगळं अंधारलंय. आणि हे कापड तुझ्या पेटीतलं आहे. वास येतोय."

"तुझ्यासाठी गोधडी शिवतेय."

तिनं कापडावर हात फिरवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आता सुचलं?"

"शिकायला उशीर झाला."

"मला घरात बोलावून घ्यायच्या आधी घर शिवून टाकलंस. तुझंच काम हे."

"तू माघारी जा," मी म्हणाले. "बाहेरून गाडी मिळेल अजून."

"एवढ्या लांबून आले ती माघारी जायला? सरक. बोलत राहा, मला दिशा कळू दे."

 मी टाके मोजू लागले, मोठ्यानं. वैजा दुसऱ्या फेऱ्यापाशी आली आणि अडली. दोऱ्याला धक्के बसले. मी मोजत राहिले. मग उंचवटा कडेकडेनं कोपऱ्याकडं गेला, तिथं बारीक झाला आणि आतल्या पट्टीत निघाला.

"कशी आलीस?"

"कोपऱ्यात ढील आहे. वळताना तुझा हात ढिला पडतो. माझ्या परकराला काठ लावायचीस तेव्हाही प्रत्येक कोपऱ्यात भोक राहायचं. शाळेत मुली त्यात बोट घालायच्या."

"मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं."

तिसऱ्या फेऱ्याशी ती आक्कांच्या उंचवट्याजवळून गेली.

"कोण, वैजी का?" आक्का म्हणाल्या. "जाड झालीस गं. नीट जा, माझा पाय हाय तिथं."

"आक्का, तुम्हीही?"

"मीच शिकवलंय तिला. कुठं बसायचं तेवढं राहिलं सांगायचं."

मग तिसऱ्याचाही कोपरा. वैजा आता माझ्यापासून हातभर होती. पण रविवारी आणि आज मी टाके फार सावकाश घातले होते. शेवटच्या फेऱ्याला कोपऱ्यातही ढील नव्हती. ती चारही कोपरे फिरून आली. मी हात कापडावर ठेवला. खालून तिनं तळवा लावला. मध्ये धोतर, तिचं जुनं झबलं, माझी दोन पातळं आणि लुगडं. तरी तळव्याची ऊब आली.

"इथं जागा नाही," ती म्हणाली.

"मी एक टाका तोडते."

"तोडलास तर हे सगळं कुठं जाईल?"

मी सांगितलं. आक्कांची डबी कशी गेली ते सांगितलं.  पलीकडं आक्कांचा श्वास संथ चालू होता.

"मग नको," वैजा म्हणाली.

आम्ही तशाच बसून राहिलो. वरचं आभाळ टाक्याटाक्यानं खाली येत होतं. मी त्याला काही केलेलं नव्हतं. सुई माझ्या मांडीवर होती आणि तिच्यात दोरा वीतभर राहिला होता. तो मधली जागा मिटवायला पुरला नसता. मी ते वैजाला सांगितलं.

"माझ्याकडं आहे," ती म्हणाली. तिकडं पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. "सासूबाईंनी शिकवलं मला. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात. एक टाका घालायच्या, एक टोमणा मारायच्या. दोन मुलांच्या गोधड्या मीच शिवल्या."

"मला लिहिलं नाहीस."

"तू तरी पत्रात काय लिहायचीस? पाऊस झाला, शेळी व्याली."

"अक्षरं तेवढीच येत होती."

ती हसली. कापड हललं. मग म्हणाली, "पाय आवर, लागेल."

मी डावा पाय उचलला. तो जिथं होता तिथं कापड टोचल्यासारखं वर आलं, आणि त्यातून सुईचं टोक बाहेर पडलं. लाल दोरा होता. उजव्या हाताचा टाका, सरळ. मी टोक चिमटीत धरलं, सुई ओढून घेतली, दोरा ताणला, ज्वारीच्या दाण्याएवढी जागा सोडली आणि सुई परत खाली दिली. तिनं ती घेतली.

सुई पुन्हा वर आली. मी पुन्हा खाली दिली.

"आई, थंडी वाजतेय का तुला?"

"नाही."

आता एका पावलाची जागा राहिली होती आणि मी उजव्या पायावर उभी होते. खालून सुईचं टोक माझ्या उजव्या तळपायाला लागलं आणि थांबलं. मी तोही पाय उचलला.